कुरिअरची खोकी, शेण आणि ती चिकटपट्टी

कुरिअरच्या खोक्यांचं गांडूळखत करणं अवघड नाही, पण आधी चिकटपट्टीचा निकाल लावा. नालीदार पुठ्ठा लाकडाच्या लगद्याचा, त्याचे थर बहुधा स्टार्चच्या खळीने जोडलेले, त्यामुळे तो कुजतो. पारदर्शक टेप पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकची, ती कुजत नाही. ढिगात राहिलेला तुकडा उलथापालथीत चिंध्या होतो, चाळणीतून निसटतो आणि शेतात जाऊन बसतो. एका पट्टीत भागणाऱ्या खोक्याला तीन-तीन वेढे देणाऱ्यांचा मला अजून राग येतो.

कोरडी ओढली तर टेप उभी चिरते आणि अर्धी खोक्यावरच राहते. खोकी पिंपात रात्रभर बुडवा, वर दगड ठेवा. सकाळी वरचा कागद टेपेसकट सोलून निघतो. घाई असेल तर पट्टीच्या दोन्ही अंगांना बोटभर पुठ्ठा सोडून कटरने कापून काढा. थोडा पुठ्ठा जातो, पण वेळ वाचतो. तपकिरी कागदी टेप दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. ओल्या अंगठ्याने घासून मऊ पडते का पाहा, मग फाडूनही बघा, कारण काहींच्या आत काचतंतूंचे दोरे असतात. पत्त्याच्या लेबलावर नखाने ओरखडा काढा. काळी रेघ उठली तर तो थर्मल कागद. त्यात बिस्फेनॉल हे घातक रसायन असू शकतं, खतात नकोच. चकचकीत खोकं फाडताना कडेला प्लॅस्टिकचा पापुद्रा ताणला गेला तर तेही बाजूला.

हे सगळं मे महिन्यातच उरकून पुठ्ठा वाळवून ठेवा. खानापूरकडचा पाऊस एकदा लागला की काही वाळत नाही.

पुढचं सोपं. 10 किलो वाळल्या पुठ्ठ्याला 30 किलो ताजं शेण आणि 15 किलो गिरिपुष्पाचा हिरवा पाला. पुठ्ठ्यात नत्र जवळजवळ नसतं, म्हणून नुसता भिजवलेला पुठ्ठा महिनोन्महिने तसाच पडून राहतो. याच प्रमाणात 3 फूट लांब, रुंद, उंच ढीग करा. लहान ढीग नीट तापत नाही. मूठ दाबल्यावर एक-दोनच थेंब यावेत. तुकडे चुरगाळून घाला. सपाट टाकले तर एकमेकांना चिकटतात, हवा कोंडते आणि ढिगाला घाण वास सुटतो. आठवड्याने उलटा. ढीग पुरता निवला की मगच आयसेनिया फेटिडा जातीची गांडुळं सोडा, 35 अंशांच्या वर ती तग धरत नाहीत. युरिया घालायचा मोह टाळा, अमोनियाने गांडुळं मरतात.

राहिलंच, पिंपाच्या तळातून लोहचुंबक फिरवा, स्टेपलच्या पिना तिथे साचतात. आणि पार्सलमधले फुगीर दाणे पाण्यात टाकून बघा: विरघळले तर स्टार्चचे, खुशाल शेणात मिसळा, तरंगत राहिले तर थर्माकोल, ढिगाजवळही आणू नका.