चिंचोक्यांची पिशवी

2008 साली डीएड होऊन डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावर शिक्षणसेवक म्हणून रुजू झाले. मानधन महिना 3000 रुपये, दोन खोल्यांत पहिली ते चौथी. पहिल्या आठवड्यात पहिलीची मुलं माझ्याकडे नुसती बघत बसायची. घरी वारली बोलणारी ती लेकरं, आणि मी पुस्तकी मराठीत धडाधड सूचना देत होते! चूक माझी होती.

मग मीच शिकायला बसले. चित्र दाखवायचं, मुलांनी त्यांचा शब्द सांगायचा. फळ्यावर आधी तो, मग पुस्तकातला. एक मुलगी दिवाळीपर्यंत एक अक्षर बोलली नव्हती. एकदा चिंचोके मोजताना तिने दहा-दहाचे ढीग केले, तीन सुटे उरले. ते माझ्यापुढे सरकवत हळूच, तिच्या बोलीत म्हणाली, हे एकटे पडले. दशक-एकक इतकं नेमकं मला कुणीच सांगितलं नव्हतं.

आमच्याच तालुक्यात, कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1957 पासून आदिवासी मुलांसाठी काम केलं. गुरं राखणाऱ्या मुलांमागे शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा. भातकापणीत वर्ग रिकामा दिसला की मला त्यांची आठवण येते. चिंचोक्यांची पिशवी उचलते आणि बांधावर जाते.