पणजीत चित्रं बघायची तर: त्रिंदाद ते फोन्सेका, एका दिवसात

गोव्यात चित्रं बघायला जाणाऱ्यांचा बेत बहुतेक वेळा फसतो तो एकाच कारणाने. सगळा दिवस एखाद्या चालू प्रदर्शनावर बेतलेला असतो आणि दारात पोचल्यावर कळतं की जुनं उतरलंय, नवीन अजून लागायचंय. या मधल्या काळात दालन काही दिवस बंदच असतं. म्हणून दिवस कायमच्या संग्रहांवर बांधावा आणि चालू प्रदर्शनं त्यात बसवावीत. वार कामाचा निवडावा. आदल्या दिवशी प्रत्येक ठिकाणी फोन करून दोनच गोष्टी विचाराव्यात: उद्या उघडं आहे का, आणि भिंतीवर काय आहे?

गाडी पाटोच्या बहुमजली पार्किंगमध्ये ठेवा. फोंताइन्हास या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत चारचाकी घातली की अर्धा तास गेलाच. ओहोळ ओलांडून पायी आलं की फुंदासांव ओरिएंत ही पोर्तुगीज सांस्कृतिक संस्था जवळ आहे. इथे आंतोनियो झेवियर त्रिंदाद (1870–1935) यांचा संग्रह आहे. सांग्यात जन्मलेला हा माणूस मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला आणि पुढे तिथेच शिकवू लागला. व्यक्तिचित्रं अंधाऱ्या पार्श्वभूमीची आणि तैलरंगातली असल्यामुळे समोर उभं राहिलं की वार्निशवर दिव्याची चमक येते आणि नेमके सावलीतले तपशील बुडतात. दोन पावलं डावी-उजवीकडे सरका, म्हणजे गालावरून मानेकडे उतरणारा तपकिरी दिसू लागतो. घरच्या माणसांच्या चित्रांपाशी जास्त वेळ द्या. गिऱ्हाइकाला खूश करायचं नसताना त्यांचा हात किती मोकळा चालतो ते तिथे कळतं. लेक आंजेला हीसुद्धा चित्रकार होती, हे लक्षात ठेवून बघा.

तिथून मळा भागातल्या मारुती मंदिराच्या बाजूने पायऱ्या चढून आल्तिन्हो टेकडीवर जाता येतं. चढ दमवणारा आहे, अकराच्या आत उरका किंवा सरळ पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सी, करा. भाडं बसण्याआधी ठरवा. वर 2009 पासून चालणारं सुनापरान्त आहे, जुन्या घरातलं कलाकेंद्र. चालू प्रदर्शनांसाठी पणजीत पहिली चौकशी इथेच करावी. अंगणात कॅफे आहे, दम तिथे खावा.

खाली उतरून आझाद मैदानाजवळ मिनेझिस ब्रागांझा संस्थेत जा. वरच्या दालनात काही लागलं असेल तर उत्तमच, पण खरं बघायचं ते प्रवेशदालनातच आहे: जॉर्ज कुलासो यांनी 1935 साली रंगवलेल्या निळ्या आझुलेजो फरशा, म्हणजे चकाकी दिलेल्या पोर्तुगीज भित्तिफरशा, कामोंइश या पोर्तुगीज कवीच्या ‘लुसियादास’ महाकाव्यातल्या प्रसंगांच्या. लोक घाईत फोटो काढून जातात. तसं करू नका. आधी लांबून प्रसंग बघा, मग हातभर अंतरावर या. सांधे थेट चेहऱ्यांवरून, हातांवरून गेलेले दिसतील. आझुलेजोत फरशा शेजारी शेजारी मांडून चित्र रंगवतात, मग सुट्या करून भट्टीत भाजतात आणि भिंतीवर पुन्हा जुळवतात. एक रेघ एका फरशीवरून दुसरीवर कशी उतरते, ते पाहण्यासारखं आहे. चकाकीमुळे फोटोत दाराचा उजेड पांढरा ठिपका होऊन येतो, तेव्हा तिरप्यात उभे राहून काढा.

दुपारी एक ते तीन पणजी झोपते. मासळीचं जेवण तेव्हाच उरका आणि तीनला पर्वरीकडे निघा. मांडवी पुलापलीकडची कोंडी धरून वेळ काढा. संध्याकाळ झाली तर तिथे अडकलातच.

आल्त पर्वरीत बा. भ. बोरकर मार्गावर झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च आहे. आंजेलो द फोन्सेका (1902–1967) यांच्या चित्रांसाठी इथे यायचंच, पण आधी विचारून. कागदावरचे जलरंग उजेडाने फिके पडतात, दमट हवेत कागदाला बुरशी धरते, त्यामुळे अशी चित्रं सदासर्वकाळ टांगलेली असतीलच असं नाही. फोन्सेका जे. जे. सोडून शांतिनिकेतनला गेले आणि साडी नेसलेली, सावळी मेरी, म्हणजे येशूची आई, रंगवू लागले. गोव्यात त्यावर टीका झाली, पुढे त्यांनी पुण्यात काम केलं. त्यांच्या बंगाली वॉश पद्धतीत कागद भिजवतात, पातळ रंग देतात, वाळला की पुन्हा पाण्यात बुडवतात, असं अनेकदा. त्यामुळे रंग कागदावर बसत नाही, त्यात मुरतो. सकाळी त्रिंदादांचा जाड, चमकणारा तैलरंग पाहिलेल्या डोळ्यांना हा फरक लगेच जाणवतो. म्हणूनच हा क्रम उलटा करू नका.

दुसरा दिवस असेल तर जुन्या गोव्यात सांता मोनिका मठातलं ख्रिश्चन कला संग्रहालय घ्या. पुरातत्त्व खात्याचं संग्रहालयही बघायचं असेल तर शुक्रवार टाळा, त्या दिवशी ते बंद असतं. पिळर्ण औद्योगिक वसाहतीतलं म्युझियम ऑफ गोवा स्वतःचं वाहन असेल तरच धरा.

डिसेंबरच्या मध्यावर येणार असाल तर सेरेंडिपिटी कला महोत्सव असतो, जुन्या मेडिकल कॉलेजची इमारत त्याचं मुख्य ठिकाण. प्रवेशाला पैसे नाहीत, नोंदणी मात्र घरूनच करून या, म्हणजे दारातल्या रांगेत मोबाइल चाचपत उभं राहावं लागणार नाही. खोलीही महिनाभर आधी धरा.