मकॉली खोऱ्यात ताहर आणि पडल्यावर हललेला स्कोप

जूनमध्ये मित्र आणि मी तीन दिवस न्यूझीलंडमधल्या टेकापो सरोवराच्या वरच्या मकॉली खोऱ्यात ताहरसाठी जाऊन आलो. ताहर म्हणजे आपल्या हिमालयातलंच रानबकऱ्यासारखं जनावर, १९०४ साली इथे माउंट कुकजवळ सोडलं आणि आता इतकं वाढलंय की डॉक (तिथलं सरकारी निसर्ग संवर्धन खातं) शिकारीचं परमिट ऑनलाईन फुकट देतं, फायरआर्म लायसन्स मात्र लागतंच.

दुसऱ्या दिवशी सुट्या दगडांच्या उतारावर पाय सटकला आणि खांद्यावरची रायफल नेमकी स्कोपच्या (नेम धरायच्या दुर्बिणीच्या) बाजूने आपटली. बाहेरून बघितलं तर नुसता एक ओरखडा. तासाभराने २५० मीटरवर मोठा नर उभा, हिवाळ्याची आयाळ वाऱ्यावर हलतेय, मित्र म्हणतोय मार, पण माझं मनच घेईना. नाही मारला.

खाली उतरून मातीच्या दरडीसमोर १०० मीटरवर कागद लावला, ३ गोळ्या मारल्या, तिन्ही एकमेकींना चिकटून पण १५ सेंटिमीटर उजवीकडे! म्हणजे २५० ला जवळजवळ ३८, पोटात लागून ते जनावर कड्यावर दोन दिवस तडफडलं असतं.

गोळ्या एकत्र पडतायत पण जागा सरकलीय तर बहुतेक वेळा माउंट (स्कोप रायफलवर धरून ठेवणारी पकड) हललेलं असतं. आमचा स्कोपची रिंग रायफलवरच्या रेलला (पट्टीला) धरणारा बोल्ट ढिला निघाला, आवळला, परत ३ मारल्या, उरलेले ४ सेंटिमीटर स्कोपचं टरेट (नेम सरकवायचं फिरतं बटण) ४ क्लिक फिरवून आणले आणि परत ३ मारून खात्री केली. (माझ्या स्कोपचा एक क्लिक म्हणजे १०० मीटरला १ सेंटिमीटर, तुमचा वेगळा असू शकतो, टरेटवर लिहिलेलं असतं.) सगळं घट्ट असून गोळ्या इकडे तिकडे विखुरतायत तर स्कोपच्या आतलं काहीतरी गेलंय, मग क्लिक फिरवत बसू नका, ती रायफल म्यान करा आणि सोबत्याची वापरा.

जाणाऱ्यांनी घरीच प्रत्येक स्क्रूवर नेलपॉलिशची रेघ मारून घ्या, स्क्रू फिरला की रेघ तुटलेली लगेच दिसते. छोटा टॉर्क ड्रायव्हर (ठरावीक जोरानेच स्क्रू आवळणारा) आणि दोन-तीन कागद बॅगेत टाका. आणि पडलात तर सगळ्यात आधी रायफल रिकामी करा, रायफलचा बोल्ट (गोळी आत ढकलणारा दांडा) काढून नळीत बर्फ किंवा माती गेलीय का ते बघा, स्कोपचं नंतर, कारण अशा तुंबलेल्या नळीतून गोळी मारली तर नळी फुटू शकते. आमच्या ९ गोळ्या यातच गेल्या म्हणून एक अख्खी पेटी जास्तीची न्या.