प्रोबच्या टोकाला लागलेला मणी

जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या एक बाई आठ महिने बसलेला आवाज घेऊन माझ्याकडे आल्या. दुर्बिणीतून पाहिलं तर दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर फुगवटे. शिक्षकांमध्ये नेहमी आढळणारे नोड्यूल्स, म्हणजे आवाजाच्या ताणाने आलेल्या घट्ट्यासारख्या गाठी, असं मी कागदावर लिहिलं आणि स्पीच थेरपी सुरू केली. नोड्यूल्स बहुधा तेवढ्यानेच ओसरतात. बाईंनी तीन महिने नेमाने व्यायाम केले, तरी खरखर हटेना. मग ऑपरेशन ठरलं.

भूल दिल्यावर तोंडातून लॅरिंगोस्कोप (स्वरतंतू दिसण्यासाठीची पोकळ नळी) बसवला, आधार देऊन पक्का केला आणि ४०० मिलिमीटरची लेन्स लावलेला मायक्रोस्कोप पुढे ओढला. जेमतेम दीड सेंटीमीटरचे दोन पांढरे पट्टे. बाई बोलतात तेव्हा हेच सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा थरथरतात, याचं मला अजूनही दर वेळी नवल वाटतं.

कात्री हातात घेण्याआधी मी बोथट प्रोबने, म्हणजे बारीक सळईने, दोन्ही तंतू चाचपले. डावा फुगवटा मऊ होता, दाबला की दबायचा. उजवीकडे मात्र प्रोब अडखळला. आवरणाखाली काहीतरी घट्ट, गोल सरकत होतं. तंतू जरा बाहेरच्या बाजूला वळवल्यावर पिवळसर मणी दिसला. ती सिस्ट होती, स्वतःची भिंत असलेली बंद पिशवी. डावीकडचा फुगवटा तिच्याच रोजच्या आपटण्याने आलेला. ओपीडीतलं माझं निदान चुकलं होतं.

सिस्ट थेरपीने जात नाही, काढावीच लागते. अॅड्रेनॅलिन मिसळलेलं सलाईन आवरणाखाली सोडून थर सुटा केला, वरच्या अंगाला बारीक छेद घेतला आणि मणी सोडवत गेलो. भिंत फाटून तुकडा आत राहिला तर सिस्ट पुन्हा होऊ शकते, म्हणून तो अर्धा तास मी अक्षरशः श्वास रोखूनच काम केलं. अखंड निघाली.

डाव्या फुगवट्याचं काय? संमती दोन्हींची होती. असिस्टंट म्हणाली, "सर, हाही काढायचा ना?" मी नको म्हणालो. आवरणाखालचा तो जेलीसारखा थर एकदा व्रणाने कडक झाला की तंतू पूर्वीसारखा लहरत नाही. घासणारी गाठच गेली होती, त्याला ओसरायला वेळ देणं मला जास्त पटलं.

आठवडाभर बाई पाटीवर लिहून बोलल्या. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट सिस्टचाच आला. सहा आठवड्यांनी स्ट्रोबोस्कोपी (लुकलुकत्या प्रकाशात तंतूंची थरथर संथ करून दाखवणारी तपासणी) केली, तेव्हा डावा तंतू सरळ दिसत होता. "ईऽऽ म्हणा," म्हटलं, तर बाई थांबेचनात.