लिसनची हिरवी वायर, ९ डीबी आणि परत घेतलेला एक दावा

पॉवर सप्लायचा बोर्ड मेन्सच्या तारांत जो आवाज, म्हणजे विद्युत गोंगाट, परत सोडतो, तो मी मोजतोय. मेन्स आणि बोर्ड यांच्यामध्ये लिसन (LISN) बसतो, हा गोंगाट बाजूला काढून अ‍ॅनालायझरला, म्हणजे वारंवारतेनुसार पातळी दाखवणाऱ्या यंत्राला, देणारा डबा. मागच्या अपडेटमध्ये मी लिहिलं होतं की ट्रान्सफॉर्मरमध्ये शील्ड वाइंडिंग (आवाज अडवणारं जादा वेटोळं) घातल्यावर १८ मेगाहर्ट्झचा उंचवटा ६ डीबीने (डेसिबलने) खाली आला. तो दावा मी आज परत घेतोय. शील्डने फरक पडला असेलही, पण किती पडला हे त्या वेळी मला कळणं शक्यच नव्हतं. माझा सेटअपच रोज वेगळं बोलत होता. तुमच्यापैकी कुणी ते वाचून आपला ट्रान्सफॉर्मर उलगडला असेल, तर मनापासून माफी.

झालं असं की नवीन वाय कपॅसिटर (कॉमन मोड आवाजाला जवळची परतीची वाट देणारा) लावण्याआधी जुन्या बोर्डाचा एक स्कॅन सहज पुन्हा घेतला. तोच ६५ किलोहर्ट्झचा फ्लायबॅक (स्विचिंग पॉवर सप्लायचा एक प्रकार), तोच लोड, तीच केबल. आठवड्यापूर्वी १८ मेगाहर्ट्झला ४७ डीबीमायक्रोव्होल्ट होते, आज ५६. बोर्डावर सोल्डरिंग आयर्न लागलेलंही नव्हतं. सिस्पर ३२ (उपकरणांच्या विद्युत गोंगाटाचं आंतरराष्ट्रीय मानक), क्लास बी म्हणजे घरगुती वापराच्या वर्गाची तिथली क्वासी-पीक (पल्स किती वारंवार येतात तेही धरणारं वाचन) मर्यादा ६०, सरासरीची ५०. म्हणजे एका दिवशी निवांत पास, दुसऱ्या दिवशी काठावर. गेले तीन शनिवार-रविवार मी ज्या २-३ डीबींच्या सुधारणा साजऱ्या करत होतो, त्या ९ डीबीच्या हेलकाव्यात बुडालेल्या होत्या.

आधी संशय अ‍ॅनालायझरवर गेला. १० डीबी अ‍ॅटेन्युएटर लावून पाहिला, वाचन बरोबर १० ने उतरलं, म्हणजे ओव्हरलोड नाही. बँडविड्थचा मुद्दा मागे निघालाच होता: सिस्परची ९ किलोहर्ट्झ ही ६ डीबीची रुंदी, माझ्याकडची १० किलोहर्ट्झ ही ३ डीबीची, म्हणजे ६ डीबीला मोजली तर जवळपास १४. त्यामुळे पल्स स्वरूपाच्या आवाजात पीक वाचन ४ डीबीपर्यंत फुगू शकतं. पण ते रोज सारखंच फुगेल. माझी अडचण आकडा चूक असण्याची नव्हती, तो एका जागी थांबत नव्हता.

मग धागा सापडला तो जुन्या सगळ्या स्कॅनची चळत एकावर एक ठेवल्यावर. ५ मेगाहर्ट्झच्या खाली सगळ्या रेषा एकमेकींवर बसल्या होत्या, १० च्या वर त्या पिसाऱ्यासारख्या फाकत होत्या. लिसनचे दोन्ही पोर्ट ५० ओहम टर्मिनेशनसह स्कोपच्या दोन चॅनेलना दिले आणि बेरीज व वजाबाकीचा एफएफटी (वारंवारतेनुसार आलेख) पाहिला. वजाबाकी, म्हणजे डिफरन्शियल मोड (एका तारेतून जाऊन दुसरीतून परतणारा प्रवाह), जागची हलत नव्हती. हलत होती ती बेरीज, म्हणजे कॉमन मोड (दोन्ही तारांतून एकाच दिशेने जाणारा). कॉमन मोडचा प्रवाह बोर्डातून ग्राउंड प्लेनवर (सेटअपच्या धातूच्या प्लेटवर) उतरतो आणि प्लेन व लिसनचा डबा जोडणाऱ्या बाँडमधून परत येतो. डिफरन्शियल मोड त्या वाटेला जातच नाही. एवढं दिसल्यावर संशयित एकच उरला: तो बाँड.

तरी खात्री हवी होती, म्हणून बॅटरीवरचा कॉम्ब जनरेटर काढला, दर १ मेगाहर्ट्झला एक रेघ देणारा. कॉम्ब थेट अ‍ॅनालायझरला: स्थिर. कॉम्ब लिसनवरच्या ईयूटीच्या (तपासायच्या उपकरणाच्या) सॉकेटमध्ये, त्याची ग्राउंड लिसनच्या डब्याला: स्थिर. कॉम्ब त्याच सॉकेटमध्ये, पण ग्राउंड आता प्लेनला: आणि १५ च्या वरच्या रेघा नाचायला लागल्या. लिसनच्या मागे हात घालून हिरवी-पिवळी वायर नुसती बाजूला सरकवली, तर १८ ची रेघ डोळ्यांसमोर ३ डीबी वर चढली. रात्रीचे साडेबारा वाजले होते. मी ती वायर निदान दहा वेळा पुढेमागे केली असेन.

ती वायर लिसनबरोबर पुरवठादारानेच दिली होती, २५ सेंटीमीटरची, दोन्ही टोकांना रिंग लग. सुरक्षिततेच्या अर्थिंगला उत्तम, आरएफ बाँड म्हणून निकामी, आणि मॅन्युअलमध्ये याबद्दल अक्षर नाही याचा मला खरंच राग आला. गोल वायरचा ठोकताळा सेंटीमीटरला साधारण १० नॅनोहेन्री. म्हणजे २५० नॅनोहेन्री, १८ मेगाहर्ट्झला २८ ओहम. कॉमन मोडला लिसन दिसतो दोन ५० ओहम समांतर, म्हणजे २५ ओहमचा. ज्याच्यावर मोजायचं त्याच्यापेक्षा वायरच मोठी! २०० किलोहर्ट्झला तीच वायर ०.३ ओहमची, म्हणून खालच्या रेषा शहाण्यासारख्या बसल्या होत्या. शिवाय वायर कधी गुंडाळलेली, कधी प्लेटवर सरळ आडवी, म्हणजे इंडक्टन्स दर वेळी वेगळा. बोर्डाच्या आणि केबलच्या स्ट्रे कपॅसिटन्सशी तो रेझोनेट होतो आणि उंचवटा सरकतो. मल्टिमीटरने हा बाँड मी सुरुवातीलाच तपासला होता, ०.४ ओहम आले होते आणि मी समाधानी होतो. डीसीला इंडक्टन्स दिसत नाही, हे पाठ असूनही.

आता काय केलं ते. लिसनच्या डब्याचं अ‍ॅनोडायझिंग तळाला घासून काढलं, प्लेटवरची ऑक्साइड स्कॉच-ब्राइटने साफ केली आणि ५० मिलिमीटर रुंद तांब्याची पट्टी डब्याखालून घेऊन चार स्क्रूंनी आवळली. हिरवी वायर काढलेली नाही, काढूही नका. ५० मायक्रोहेन्रीच्या लिसनमधले कपॅसिटर फेजला सरळ अर्थशी बांधतात. १२ मायक्रोफॅरड धरले तर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला ०.८७ अँपिअर होतात. म्हणूनच आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय आरसीडी (अर्थकडे गळती दिसली की मेन्स तोडणारा स्विच) पडतो, आणि म्हणूनच मेन्स लावण्याआधी अर्थ पक्की.

मग पूर्ण सेटअप आठ वेळा उधळून पुन्हा मांडला. बोर्ड प्लेनपासून ठरल्या उंचीवर, लिसनपासून ८० सेंटीमीटर, उरलेल्या केबलची ४० सेंटीमीटरची सपाट जुडी. १८ मेगाहर्ट्झला आठही वाचनांतला सगळ्यात मोठा फरक १.१ डीबी! सिस्पर १६-४-२ मध्ये मेन्स कंडक्टेडसाठी (मेन्सच्या तारांतून जाणाऱ्या आवाजासाठी) मान्यताप्राप्त लॅबची अनिश्चितता ३.४ डीबी धरलेली आहे. तिची तुलना माझ्या पुनरावृत्तीशी होत नाही, कारण त्यात लिसनचा इम्पीडन्स, रिसीव्हर, सगळं येतं, हे मला माहीत आहे. पण आता २ डीबीची सुधारणा मी सुधारणा म्हणू शकतो, याचा आनंद लपवत नाही.

बोर्डाचं खरं वाचन, आठांची सरासरी: ५३ पीक. पीक नेहमी क्वासी-पीकच्या वर किंवा बरोबर असतं, तेव्हा तिकडून निश्चिंत. सरासरी डिटेक्टरने ४६. मर्यादेच्या ४ डीबी खाली, मला ६ हवेत.

खरं तर पुढचा बेत शील्ड असलेला आणि नसलेला ट्रान्सफॉर्मर पुन्हा ताडून पाहण्याचा होता, आणि तो करणारच. पण हे लिहिताना सुचलं की दर सत्राची सुरुवातच कॉम्बने का करू नये? ग्राउंड प्लेनला, ठरलेल्या जागी, पाच रेघा नोंदवायच्या. संदर्भापासून एखादी १ डीबीहून जास्त हलली तर त्या दिवशी बोर्डाला हात लावायचा नाही. त्यासाठी कॉम्बच्या डब्याला सॉकेटमध्ये एकाच पद्धतीने बसणारा पाय हवा. तो आज संध्याकाळी पत्र्यातून कापतोय.

आणि रेडिएटेडसाठी (हवेतून पसरणारा आवाज मोजायला) अँटेना घ्यायचं ठरवलं होतं, ते आता लांबणीवर. माझ्या खोलीत ३ मीटर अंतर मिळतं, पण भिंती, कपाट आणि बाहेरचं एफएम धरून त्या वाचनाची पुनरावृत्ती मी कशी सिद्ध करणार? त्याऐवजी आरएफ करंट क्लॅम्प, केबलभोवती बसून तिच्यातला प्रवाह मोजणारा. ५० मेगाहर्ट्झला १ मीटर केबलवर ५ मायक्रोअँपिअर कॉमन मोड प्रवाह असला की ३ मीटरवर साधारण १०० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर होतात, म्हणजे क्लास बी ची ४० डीबीची रेषा. १ ओहम ट्रान्सफर इम्पीडन्सच्या (१ अँपिअरला १ व्होल्ट देणाऱ्या) क्लॅम्पवर हे १४ डीबीमायक्रोव्होल्ट दिसतील, प्रीअ‍ॅम्प लावून आरामात. क्लॅम्प स्वतः गुंडाळायचा आहे, तेव्हा कॅलिब्रेशन जिग कुणी बनवला असेल तर मधल्या रॉडचा व्यास आणि दोन्ही टोकांचं मॅचिंग कसं केलंत ते सांगा. मी ३० ते २३० मेगाहर्ट्झपुरताच विचार करतोय.