कॉन्टेसाला इंजिन कुठलं घालायचं?

कोल्हापुरात उद्यमनगरला गॅरेज आहे म्हटल्यावर जुन्या गाड्या येतच राहतात, पण ही कॉन्टेसा लक्षात राहिली ती तिसऱ्या सिलिंडरमुळं. सांगतो.

इचलकरंजीहून बापलेक आले. बापाची, म्हणजे अण्णांची गाडी, ऐंशीच्या दशकातली, पत्रा अजून चांगला, आतली सीट सुद्धा मूळची. बॉनेट उघडलं तर तेच १४८९ सीसीचं इंजिन, म्हणजे अँबॅसिडरचंच. हिंदुस्तान मोटर्सनं १९८४ ला कॉन्टेसा काढली तेव्हा अंग, म्हणजे बॉडी, घेतली इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरची आणि इंजिन घातलं घरातलं, पन्नासेक हॉर्सपॉवर, चार गिअर. एवढं धूड आणि ओढायला एवढुसं इंजिन. अण्णा म्हणाले, आंबा घाट लागला की एसी बंद, दुसरा गिअर, आणि मागनं एसटी हॉर्न मारतीय. आता तर बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, झिजून निळा धूर सोडत होतं, आधी एकदा ओव्हरसाईज पिस्टन घालून झालेले, परत बोअर करायला जागा कमी.

पोराला मात्र टू जेझेड पाहिजे होतं. म्हणजे टोयोटा सुप्राचं सहा सिलिंडरचं इंजिन. मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, कुणीतरी कुठंतरी बसवलंय, काय आवाज आहे वगैरे. मी पण बघितलं, खोटं कशाला बोलू, अंगावर काटा येतो. आणि गंमत म्हणजे जागेची अडचण मोठी नाही, कारण इंग्लंडमध्ये ह्याच अंगाच्या गाडीत व्हॉक्सहॉलनं स्वतः ३.३ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन घालून व्हेंटोरा म्हणून विकली होती. टेप लावून बघितलं, बसतंय. पण बसणं आणि चालणं ह्यात फरक आहे ना. मागचा एक्सल तेवढा टॉर्क घेणार का, ब्रेकचं काय, वायरिंग आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, कोण लावणार, आणि सगळ्यात मोठं म्हणजे आरसी बुक. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीनं जे दिलंय त्याच्या विरुद्ध गाडीत बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते अजून घट्ट केलं. उद्या अपघात झाला तर विमावाला पहिलं इंजिन नंबरच बघणार. पोरगं म्हणालं, काका सगळेच करतात. म्हटलं करूदेत की, माझ्या गॅरेजातनं नको.

माझं मत पहिल्यापासून एकच, जुन्या गाडीला ताकद द्यायची असेल तर कंपनीनं त्याच मॉडेलला नंतर काय घातलं होतं ते आधी बघा. कॉन्टेसाला तर उत्तर कंपनीनंच देऊन ठेवलंय. इसुझूचं १८१७ सीसी पेट्रोल, ओव्हरहेड कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट वर हेडमध्येच, पाच गिअरचा बॉक्स, ताकद जुन्यापेक्षा दीडपटीच्या वर. जुन्याच्या क्रँकला आधार देणारी मेन बेअरिंग तीन, ह्याला पाच, त्यामुळं हायवेला सलग पळवलं तरी घाबरत नाही. माउंटिंग, रेडिएटर, प्रॉपेलर शाफ्ट सगळं १.८ च्या कॉन्टेसाचं मिळालं की बसतं, वेल्डिंगचा खेळ नाही. शिवाय हेच इंजिन नव्वदच्या दशकात अँबॅसिडरला पण आलं आणि अँबॅसिडर २०१४ पर्यंत चालू होती, म्हणून पार्ट शोधले की मिळतात. आमच्या एका हेडमिस्त्रीनं मध्येच डिझेल सुचवलं, स्वस्तात मिळतंय म्हणून. दोन लिटरचं इसुझू डिझेल कॉन्टेसाला होतंच, पण ताकद परत पन्नासच्या घरात, आणि आरसीवर इंधन बदलायचं. मग एवढा खटाटोप कशाला? अण्णा तेवढ्यात म्हणाले, डिझेलचा आवाज घरी लूमचा आहे तेवढा बास झाला.

तर इसुझू शोधलं आणि एका गावच्या भंगारबाजारात सापडलं. जुन्या टायरवर ठेवलेलं, चकचकीत सिल्व्हर रंग मारलेला (असा रंग दिसला की माझा हात पहिला खिशावर जातो), गिअरबॉक्स जोडलेला. मालक म्हणतो रनिंग कंडिशन, पंचावन्न हजार, एक रुपया कमी नाही. कार्बोरेटरच्या तोंडाशी गॅस किटच्या मिक्सरच्या खुणा दिसल्या, म्हणजे टॅक्सीला गॅसवर पळालेलं असणार. मी काही बोललो नाही, स्टार्टरला बॅटरी लावली, चारी प्लग काढले, थ्रॉटल पूर्ण उघडं बांधलं आणि कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचा काटा, लावला. पहिला दीडशे पीएसआय. दुसरा त्याच्याच आसपास. चौथा पण. आणि तिसरा नव्वद.

पोराचं तोंड उतरलं. चला काका, निघूया म्हणाला. भंगारवाल्याचा आवाज पण जरा खाली आला. आणि मला मात्र आतनं बरं वाटायला लागलं, कारण नव्वद आलं म्हणजे इंजिन गेलं असं नसतं, हवा जातीय कुठनं ते बघायचं असतं. तिसऱ्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि परत क्रँक केलं. रिंग गेली असेल तर ऑइलनं फट भरते आणि आकडा चढतो. चढलाच नाही, काटा परत नव्वदला. म्हणजे बोअर, रिंग ठीक. शेजारचे दोन्ही सिलिंडर चांगले म्हणजे हेड गॅस्केटवर पण संशय कमी. मग तिसरा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना सगळ्यात वर, आणून शेजारच्या पंक्चरवाल्याकडनं कॉम्प्रेसरचा पाईप घेतला आणि प्लगच्या भोकातनं हवा सोडली. ऑइल भरायच्या झाकणाशी कान लावला, तिथं विशेष काही नाही. कार्बोरेटरशी शांत. एक्झॉस्ट पोर्टशी तळवा धरला तर फुस्स करून गार हवा लागली. पोराला म्हटलं ये, तू पण हात धर. धरला, आणि माझ्याकडं बघायला लागला. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेला होता, बाकी काही नाही. गॅसवर चाललेल्या जुन्या इंजिनात टॅपेटचं गॅप, म्हणजे व्हॉल्व्हच्या डोक्यावर सोडलेली फट, वेळच्या वेळी बघितलं नाही की हे होतंच.

व्हॉल्व्ह बदलायचा, तो जिथं टेकतो ती सीट कटिंग करायची, घासून दोन्ही जुळवायचं लॅपिंग करायचं, काम आमच्याच गल्लीत होतं आणि त्याचा खर्च काही फार नाही. पण भंगारवाल्याला नव्वदचा आकडा दिसलेला, त्यामुळं पंचावन्नचं अडतीसवर आलं, गिअरबॉक्स आणि प्रॉपेलर शाफ्टसकट. चारही सिलिंडर दीडशे असते तर तो एक रुपया खाली आला नसता. सम्प उतरवून मेन बेअरिंगची एक कॅप उघडली, बेअरिंगचे शेल बघितले, क्रँकच्या जर्नलला मायक्रोमीटर लावला, माप स्टँडर्डच, म्हणजे कंपनीचंच होतं. मगच पैसे दिले. त्याच्या आधी कागद बघितले हे सांगायचं राहिलं, इंजिन नंबर कुठल्या गाडीचा, ती गाडी रीतसर मोडीत निघाली का, पक्कं बिल मिळणार का. बिल नसेल तर फुकट दिलं तरी घेऊ नये.

पुढचं सगळं नेहमीचंच. हेड उतरवलं तर तिसऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेला करंगळीच्या नखाएवढा तुकडा खाल्लेला. आठही गाईड बदलले, टायमिंग चेन नवीन टाकली, वॉटर पंप, क्लच प्लेट. गाडीत इंजिन उतरवायच्या आधी ब्रेकचं पूर्ण काम करायला लावलं, त्यावरनं पोरगं थोडं कुरकुरलं, पण अण्णांनी एका शब्दात गप्प केलं. खरं तर हिशेब मांडला तर इंजिनाला गेले त्यापेक्षा जास्त पैसे रेडिएटर, ब्रेक, होज पाईप आणि माउंटिंगलाच गेले, आणि हे असंच होतं प्रत्येक वेळी.

आरटीओचा अर्ज इंजिन बसवायच्या आधीच टाकलेला, बिल आणि कागद जोडून. जुनं १४८९ अजून माझ्याकडंच कोपऱ्यात पडलंय, आरसीवर नवा नंबर चढेपर्यंत ते विकायचं नाही असं अण्णांना बजावलंय. पोरगं अधनंमधनं फोन करून विचारतंय, काका, ट्विन कार्बोरेटर टाकूया काय.