मेलेला टप्पा

काल संध्याकाळी सर, आमचे जुने कोच, नेरूळच्या आमच्या बास्केटबॉल कोर्टवर आले. सात महिन्यांनी. कुंपणाबाहेरच उभे राहिले, कारण पायांत चपला होत्या. चपलांनी कोर्टवर यायचं नाही हा नियम त्यांचाच.

गेल्या नवरात्रात समितीनं कोर्ट गरब्याला दिलं. मंडपवाल्यानं बांबूंसाठी सिमेंटमध्ये ड्रिलनं भोकं पाडली. समितीच्या लेखी कोर्ट म्हणजे मोकळी जागा! सरांनी त्याच रात्री राजीनामा दिला. सव्वीस वर्षांची नोकरी, पण कारण एका ओळीत: ‘कोर्टमध्ये अकरा भोकं.’

नंतर भोकं बुजवली, पण कशीबशी. तिथं चेंडू पडला की टप्पा मरतो, गुडघ्याच्याही वर येत नाही. त्यातलं एक भोक मध्यरेषेपलीकडे उजव्या कोपऱ्यात आहे. हा कोपरा मुळातच वाईट. एका बाजूला साइडलाइन, मागं परतलं तर बॅककोर्ट व्हायोलेशन, म्हणजे चेंडू मध्यरेषेमागं नेल्याचा नियमभंग. मी सरांचा सहायक होतो तोवर ट्रॅप, म्हणजे चेंडूवालीला दोघींनी कोंडायचा डाव, लावायचा म्हटलं की सर म्हणायचे, आधी पाय हलवायला शिकवा. ते गेल्यावर मी सतरा वर्षांखालच्या मुलींना ट्रॅपच शिकवला: समोरच्या पॉइंट गार्डला, म्हणजे चेंडू पुढं आणणाऱ्या मुलीला, डावीकडून दाबायचं, उजव्या कोपऱ्यात ढकलायचं, दुसरीनं धावत येऊन दार बंद करायचं. तिचा ड्रिबल नेमका त्या भोकावर पडतो. डिसेंबरात ठाण्याहून आलेल्या चांगल्या संघाचे नऊ चेंडू आम्ही तिथंच काढले. जिंकलो. मी नाचलोसुद्धा.

आता सर परत येणार अशी कुजबुज आहे. अमेरिकेतला बास्केटबॉल कोच फिल जॅक्सनसुद्धा 2004मध्ये लेकर्स संघ सोडून पुढच्याच वर्षी परतला होता, हे आमची कॅप्टन मला दोनदा ऐकवून गेली. तिला सर हवेत. मलाही हवेत, बहुतेक.

काल त्यांनी चपला काढल्या, आत आले, सहा नंबरचा चेंडू दाबून पाहिला आणि ड्रिबल करत निघाले. दहा भोकं चुकवली. अकराव्यावर चेंडू बसला.

“अरे, हे नीट करून का नाही घेतलंस?”

“अर्ज दिलाय, सर.”

मुली फ्री थ्रो थांबवून माझ्याकडे बघत होत्या. असा अर्ज मी दिलेलाच नाही, हे कॅप्टनला माहीत आहे.